काचबिंदु पिकत नाहीं

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. घर एकत्र, माणसें चौदा, शिक्षणाची परंपरा तीन पिढ्यांची. सासऱ्यांना एका नेत्रतपासणी-शिबिरांत 'काचबिंदूचा संशय आहे; डोळ्याच्या पडद्याचें छायाचित्र काढून घ्यावें' असें सांगण्यांत आलें. परंतु घरांतील वडील मंडळी म्हणतात, "अजून वर्तमानपत्र वाचतां येतें आहे ना? मग घाई कशाची? पिकूं द्या, मग काढूं." पत्राच्या शेवटीं सूनबाई विचारतात, "मास्तर, आमच्या घरीं आपला शब्द मानतात. आपलें मत काय?"

मत सांगण्यापूर्वीं मला एक कबुली दिली पाहिजे. 'पिकूं द्या' हें मत एके काळीं मींही दिलें होतें. आणि तें परक्या कोणास नव्हे, माझ्या सख्ख्या थोरल्या बंधूंस दिलें होतें. त्या मतापायीं त्यांचा एक डोळा गेला. म्हणून आजचा हा लेख त्या पत्राचें उत्तरही आहे आणि माझ्या चुकीची नोंदही आहे.

दहा वर्षांपूर्वींची गोष्ट. दादा नोकरींतून नुकतेच मोकळे झाले होते. अशाच एका शिबिरांत त्यांच्या हातीं चिठ्ठी पडली कीं, डाव्या डोळ्यांत काचबिंदु असावा, शहरांत जाऊन पुढील तपासणी करावी. रात्रीं पानें उठल्यावर त्यांनीं ती चिठ्ठी माझ्यापुढें ठेविली. घरांत इंग्रजी कागद वाचून त्याचा अर्थ सांगण्याचा मान माझा. मीं विचारलें, "दादा, वाचतांना त्रास होतो का?" ते म्हणाले, "छे रे! पंचांगांतील बारीक अक्षरसुद्धां लागतें." तेव्हां मीं निश्चिंतपणें सांगितलें, "मग राहूं द्या. आईचा मोतीबिंदु नाहीं का आपण पिकूं दिला? काढल्यावर तिला पुनः सुईंत दोरा ओंवतां येऊं लागला. हाही बिंदुच." वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी म्हणतात म्हणजे बरोबरच असेल." चिठ्ठी देवघरांतील कोनाड्यांत गेली आणि तेथेंच राहिली.

पुढें कांहीं वर्षांनीं लहानसहान गोष्टी घडूं लागल्या. पानाच्या डाव्या अंगास ठेवलेलें पाण्याचें भांडें दादांच्या हातानें कलंडे. जुन्या घराच्या चौकटीवर त्यांचा डावा खांदा आपटे. डावीकडून कोणी येऊन बसलें तर ते दचकत. मुलें हंसत, वहिनी "जरा बघून चालावें" म्हणत, आणि मी म्हणें, "वय झालें." एके दिवशीं चौकांत डावीकडून आलेली सायकल त्यांना दिसलीच नाहीं. हाड मोडलें नाहीं हें दैव. परंतु त्या निमित्तानें डोळे तपासले गेले. डाव्या डोळ्याची दृष्टि जवळजवळ संपली होती. मधोमध एक लहानसा तुकडा तेवढा उरला होता. उजव्या डोळ्यांतही रोगानें शिरकाव केला होता. "गेलेलें परत येत नाहीं, उरलेलें राखूं," डॉक्टर म्हणाले. आम्हीं बरोबर नेलेल्या जुन्या चिठ्ठीवरील तारीख त्यांनीं पाहिली आणि कांहीं न बोलतां ती परत दिली. दादांनींही मला शब्द लावला नाहीं. घरीं येतांना ते एवढेंच म्हणाले, "तूंही डोळे दाखवून घे. आपण एका आईचीं लेंकरें."

चूक कोठें झाली? ती शब्दांत झाली. पस्तीस वर्षें मुलांस शब्दांच्या व्युत्पत्ति शिकविणारा मी, दोन शब्दांच्या शेवटीं एकच पद आहे एवढ्यावरून दोन रोगांस भाऊ ठरवून मोकळा झालों. मोतीबिंदूंत बाहुलीमागील भिंग गढूळ होतें. तें काढून त्या जागीं कृत्रिम भिंग बसविलें म्हणजे दृष्टि परत येते. (हल्लींच्या शस्त्रक्रियेंत मोतीबिंदुदेखील पिकण्याची वाट पाहावी लागत नाहीं, हेंही येथेंच सांगून ठेवितों.) काचबिंदूंत काढण्याजोगें कांहीं नसतें आणि पिकण्याजोगेंही कांहीं नसतें. त्यांत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू, एकेका तंतूनें, मरत जाते. आणि मेलेला तंतु पुनः जिवंत करण्याची विद्या वैद्यकास अद्याप साध्य झालेली नाहीं.

आमच्या प्राचीनांनीं डोळ्याच्या रोगांचा विचार कमी केला होता असें नाहीं. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत नेत्ररोगांची संख्या ७६ दिली असून, डोळा घुसळून निघावा अशा वेदनेचा 'अधिमंथ' त्यांत वर्णिला आहे. अकस्मात् उद्भवणाऱ्या, तीव्र वेदनेच्या काचबिंदूशीं त्याचें वर्णन जुळतें, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. असा रोगी त्याच रात्रीं डॉक्टरकडे धांवतो. परंतु आपल्या घरांत जो काचबिंदु वर्षानुवर्षें वावरत असतो, तो बहुधा असा गरजणारा नसतो. तो मुका असतो.

त्याची रीत थोडक्यांत समजून घेऊं. डोळ्याच्या पुढील भागांत एक स्वच्छ जल सतत पाझरत असतें आणि बुबुळाच्या कडेच्या कोनांतील सूक्ष्म जाळींतून तें बाहेर जात असतें. येणें आणि जाणें यांचा मेळ राहिला म्हणजे डोळ्यांतील दाब साधारणतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका राहतो. वाट तुंबली कीं दाब वाढतो, आणि त्याचा भार पाठीमागें, दृष्टीची नस जेथून बाहेर पडते त्या नाजूक जागीं पडतो. त्या जागेस आपण 'बिंब' म्हणूं. तिचा व्यास अवघा दीड मिलिमीटर. आणि तेवढ्या दारांतून सुमारें दहा ते बारा लक्ष तंतु बाहेर पडतात. मात्र कित्येकांचे तंतु दाब २१ च्या आंत असतांही मरतात. म्हणून नुसता दाब मोजून 'सर्व ठीक आहे' असें म्हणणें पुरेसें नसतें.

रोग्यास हें कळत कसें नाहीं, असें आपण विचाराल. प्रथम जाते ती कडेची दृष्टि. समोरचें अक्षर बहुधा शेवटपर्यंत दिसत राहतें. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढितो. आणि जेथें दिसत नाहीं तेथें काळा डाग दिसतो असेंही नाहीं. भोंवतालच्या रंगानें मेंदु ती जागा सारवून टाकितो. दादांस पंचांगांतील अक्षर लागत होतें हें अगदीं खरें होतें. प्रश्न मीं चुकीचा विचारला होता. भारतांत चाळिशी उलटलेल्या सुमारें १ कोटि १२ लक्ष लोकांस काचबिंदु असावा, असा अंदाज २०१० सालीं प्रसिद्ध झाला आहे. आणि आपल्या देशांतील पाहण्यांत जे रोगी सांपडले, त्यांतील बहुतेकांस आपणांस हा रोग आहे हें ठाऊकच नव्हतें. आमचे दादा त्यांतलेच एक.

मग जो रोग रोग्यासच जाणवत नाहीं, तो ओळखावा कसा? नैयायिक म्हणतील, प्रत्यक्ष नसेल तेथें अनुमान करावें. परंतु सुदैवानें येथें प्रत्यक्षच साध्य आहे. शरीरास कोठेंही छेद न देतां जिवंत नस आणि वाहतें रक्त डोळ्यांनीं पाहतां येईल, अशी जागा म्हणजे डोळ्याचा आंतील पडदा. माणसाची बाहुली आपणांस काळी दिसते याचें कारण आंत पाहूं जाणाऱ्याचें डोकेंच प्रकाशाच्या वाटेंत येतें. ही अडचण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं कांचेच्या साध्या युक्तीनें दूर केली आणि आपल्या नेत्रदर्शकाची माहिती १८५१ सालीं प्रसिद्ध केली. थोड्याच वर्षांत बर्लिनचे विख्यात नेत्रवैद्य फॉन ग्रेफे काचबिंदूच्या रोग्यांचीं बिंबें त्यांतून पाहूं लागले. नवल असें कीं, १८५४ सालीं त्यांस तें बिंब फुगलेलें वाटलें! एका डोळ्यानें पाहतांना खळगा आणि उंचवटा यांत अशी फसगत होते. लवकरच उलगडा झाला कीं बिंब फुगत नाहीं, खचतें. आणि ग्रेफे यांनीं आपलें मत बदललें. पुढें १८५७ सालीं काचबिंदूवरील पहिली उपयुक्त शस्त्रक्रियाही त्यांनींच पुढें आणली. एवढा मोठा वैद्य चुकला आणि चूक कळतांच सुधारला, हें वाचून माझ्यासारख्यास थोडा धीर आला.

परंतु पाहणें निराळें आणि पाहिलेलें जपून ठेवणें निराळें. वैद्य डोळ्यांत पाहून वहींत आकृति काढी. पुढील वर्षीं दुसरा वैद्य दुसरी आकृति काढी. दोहोंतील फरक डोळ्याचा कीं हाताचा, हें कोणी सांगावें? १८८६ सालीं इंग्लंडांत जॅकमन आणि वेब्स्टर या दोघांनीं जिवंत माणसाच्या पडद्याचें छायाचित्र प्रसिद्ध केलें; त्यासाठीं डोळा अडीच मिनिटें प्रकाशापुढें स्थिर ठेवावा लागला होता. १९२६ सालीं जर्मनींतील झाइस कंपनीनें या कामाचा कॅमेरा बाजारांत आणला. पुढें अनेक दशकें हीं चित्रें फिल्मवर निघत; धुवून येईपर्यंत रोगी घरीं गेलेला असे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यानें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत चित्र निघतें, तत्काळ पडद्यावर दिसतें, हवें तेवढें मोठें करतां येतें, आणि दहा वर्षांनीं काढून पाहिलें तरी त्याचा रंग उतरत नाहीं.

दादांच्या सांगण्यावरून मी तपासणीस गेलों, तेव्हां हा प्रकार प्रथम पाहिला. हनुवटी एका टेकूवर ठेवावयाची, कपाळ पट्टीस लावावयाचें आणि आंतील ठिपक्याकडे पाहत राहावयाचें. एक लख्ख झोत आला आणि काम झालें. डोळ्यास यंत्राचा स्पर्श नाहीं, वेदना नाहीं. बाहुली मोठी करण्यासाठीं थेंब घातले होते, त्यामुळें तीन-चार तास अक्षर धूसर दिसलें, एवढाच काय तो त्रास. त्या दिवशीं सोबतीला कोणी असावें आणि वाहन आपण चालवूं नये.

पडद्यावर माझ्याच डोळ्याचें चित्र उमटलें. शेंदरी पार्श्वभूमि, तिच्यावर एक फिकट वर्तुळ, आणि त्यांतून वडाच्या मुळ्यांप्रमाणें पसरलेल्या रक्तवाहिन्या. तरुण डॉक्टर बाई समजावून सांगूं लागल्या, "सर, हें बिंब म्हणजे ताट समजा, मधला पांढुरका खळगा म्हणजे वाटी. वाटीच्या कडेपासून ताटाच्या कांठापर्यंत हा जो शेंदरी पट्टा आहे, तो जिवंत तंतूंचा. तंतु मेले कीं पट्टा झिजतो आणि वाटी मोठी होते. कांहीं लोकांचें ताटच जन्मतः मोठें असतें, त्यांची वाटीही मोठी असते. त्यांत भिण्यासारखें कांहीं नसतें. पण तुमच्या उजव्या डोळ्यांत वाटी ताटाच्या निम्मी आहे आणि डाव्यांत दहांत सात भाग. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत एवढा फरक सहसा नसतो."

नंतर त्यांनीं चित्रांतील रंग निराळे करून केवळ हिरव्या प्रकाशाचें चित्र दाखविलें. त्यांत तंतूंचा थर रेशमाच्या लडीसारखा चमकत होता. मात्र डाव्या डोळ्यांत बिंबाच्या खालच्या कांठापासून एक काळसर पट्टा, पंख्याच्या एका पातीसारखा, बाहेर रुंदावत गेला होता. त्या पट्ट्यांत रेशीम नव्हतें. अमेरिकेंतील हॉइट आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं या खुणेकडे वैद्यांचें लक्ष वेधलें, तीच ही खूण. माझा दाब १७ होता. तक्त्यावरील शेवटची ओळ मीं घडाघडा वाचली होती. दृष्टिक्षेत्राच्या तपासणींतही, म्हणजे लुकलुकणारे ठिपके दिसतांच कळ दाबावयाच्या तपासणींतही, दोष निघाला नाहीं. कारण तंतूंचा चौथा हिस्सा, कधीं कधीं त्याहूनही अधिक, नाहींसा होईपर्यंत त्या तपासणींत कांहीं उमटत नाहीं, असें पुष्कळ डोळ्यांत आढळलें आहे. मला कांहीं जाणवलें नाहीं, तक्त्याला नाहीं, दाबाच्या यंत्रालाही नाहीं. सांगितलें तें त्या चित्रानें. त्याच रात्रीपासून मीं औषधाचा थेंब सुरू केला.

याच कामाचें आणखी एक यंत्र आहे. रुग्णालयांत त्यास 'ओसीटी' म्हणतात. तें डोळ्यांत प्रकाश सोडतें आणि निरनिराळ्या थरांवरून परत आलेल्या प्रकाशावरून त्या थरांची जाडी मोजतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र-संस्थेंतील हुआंग, फुजिमोटो आणि त्यांचे सहकारी यांनीं ही पद्धति १९९१ सालीं प्रसिद्ध केली. बिंबाभोंवतालचा तंतूंचा थर निरोगी प्रौढांत सरासरीनें सुमारें १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा, जाड असतो. एवढ्याशा थरांतील झीज हें यंत्र मोजून दाखवितें. माझ्या डाव्या डोळ्यांत, जेथें रेशीम तुटलें होतें, नेमक्या त्याच जागीं थर पातळ निघाला. दोन निरनिराळ्या साक्षीदारांची जबानी जुळली म्हणजे न्यायाधीशाचें काम सोपें होतें.

मात्र साक्षीदार म्हणजे न्यायाधीश नव्हे, हेंही आमच्याच घरांत अनुभवास आलें. दादांचा रोग कळल्यावर सर्वांनीं तपासून घ्यावें असें ठरलें. थोरल्या पुतण्यास लहानपणापासून मोठ्या उण्या नंबरचा चष्मा. त्याच्या ओसीटीच्या कागदावर दोन ठिकाणीं तांबडा रंग आला. वहिनींना त्या रात्रीं झोंप आली नाहीं. दुसरे दिवशीं डॉक्टर बाईंनीं चित्रें नीट पाहून सांगितलें कीं, अशा डोळ्याचा गोल लांबट असतो, त्यामुळें तंतूंच्या वाटा थोड्या सरकलेल्या असतात. यंत्र मात्र त्यांची तुलना सामान्य डोळ्याशीं करून तांबडा रंग देतें. बिंब निरोगी होतें. दोरीस साप समजण्याचाच तो प्रकार. शिवाय तांबडा रंग याचा अर्थ एवढाच कीं, इतका पातळ थर निरोगी माणसांत शंभरांतून एकाहून कमी जणांस असतो. म्हणजे शंभर निरोगी माणसांत एखाद्याच्या कपाळीं तो रंग विनाकारण यावयाचाच.

याच्या उलट फसगतही होते, आणि ती अधिक घातक. ज्याचा थर मुळांतच जाड होता, त्याची बरीच झीज झाली तरी कागदावर हिरवाच रंग राहतो, आणि माणूस निर्धास्त होतो. यावर उपाय एकच: आपल्या डोळ्याची तुलना जगाच्या सरासरीशीं न करितां आपल्याच पूर्वींच्या डोळ्याशीं करावी. शाळेंत दरवर्षीं वर्गाचें छायाचित्र निघे. एकच छायाचित्र पाहून मुलगा मुळांत सडपातळ आहे कीं आजारानें वाळला आहे, हें सांगतां येत नसे. गेल्या वर्षींचें शेजारीं ठेविलें कीं तत्काळ कळे. डोळ्याच्या चित्राचें खरें मोल हेंच आहे. पहिलें चित्र पुष्कळदा निर्णय देत नाहीं. तें दुसऱ्या चित्रासाठीं काढून ठेवावयाचें असतें. म्हणून पुतण्याचें निरोगी चित्रही आम्हीं जपून ठेविलें आहे.

आतां तर बेंगळुरूंत मोबाइल फोनला जोडून पडद्याचें छायाचित्र घेणारे कॅमेरे तयार होतात; त्यामुळें शिबिरांतही हीं चित्रें निघूं शकतात. सहस्रावधि चित्रें दाखवून संगणकास संशयित बिंब ओळखावयास शिकविण्याचे प्रयत्नही बरेच पुढें गेले आहेत. हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु चित्रांत दाब दिसत नाहीं. जल बाहेर जाण्याचा कोन उघडा आहे कीं मिटलेला, हेंही त्यांत दिसत नाहीं. कोन पाहण्यासाठीं डोळा बधिर करून आरशाचें लहानसें भिंग लावून पाहावें लागतें. मिटलेल्या कोनाचा काचबिंदु आपल्या देशांत दुर्मीळ नाहीं आणि त्याची उपाययोजना निराळी असते. म्हणून चित्र, दाब, कोन आणि दृष्टिक्षेत्र या चारींचा मेळ घालून निर्णय करावयाचा तो डॉक्टरांनीं.

"आणि निदान होऊन उपयोग काय, जर गेलेली दृष्टि परत येत नाहीं?" असें कांहीं घरांत विचारतात. उपयोग हा कीं, उरलेली राहते. स्वीडनांतील माल्मो येथील एका सुप्रसिद्ध प्रयोगांत नव्यानें आढळलेल्या रोग्यांचे दोन गट करून एकास उपचार दिले आणि दुसऱ्यावर केवळ बारीक लक्ष ठेविलें. २००२ सालीं व त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत असें दिसलें कीं, दाब एक मिलिमीटरनें उतरला तर रोग वाढण्याचा धोका सुमारें दहा टक्क्यांनीं कमी होतो. दाब उतरविण्यास थेंब आहेत, लेसर आहे, आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया आहे. थेंब नियमानें आणि आजन्म घालावे लागतात. बरें वाटतें म्हणून सोडून चालत नाहीं, कारण या रोगांत बरें तर नेहमीच वाटत असतें!

एकत्र कुटुंबांतील वाचकांस माझें सांगणें थोडेंच आहे. चाळिशीनंतर प्रत्येकानें एकदां तरी बाहुली मोठी करून बिंबाची तपासणी करून घ्यावी. केवळ चष्म्याचा नंबर काढणें म्हणजे ही तपासणी नव्हे. घरांत एकास काचबिंदु निघाला तर त्याच्या भावंडांनीं आणि मुलांनीं विलंब करूं नये, कारण रक्ताच्या नात्यांत हा धोका कित्येक पटींनीं अधिक असतो. ज्यांस मोठा उणा नंबर आहे, त्यांनींही सावध असावें. मुलांचे डोळे खाजतात म्हणून दुकानांतून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोगणती घालण्याची रीत कांहीं घरांत आहे. त्यानें डोळ्यांतील दाब चढून नस मरूं शकते, म्हणून ती रीत आजच बंद करावी. आणि चित्र काढलें कीं त्याची प्रत मागून घ्यावी, तीवर नांव आणि तारीख आहे हें पाहावें, व गांव किंवा डॉक्टर बदलला तरी ती बरोबर न्यावी. आपण मुलांच्या जन्मपत्रिका ज्या निगुतीनें जपतों, तीच निगुत या कागदास असावी.

आतां सूनबाई, आपल्या प्रश्नाचें उत्तर. सासऱ्यांना घेऊन याच आठवड्यांत जावें. संशय खोटा ठरला तर पुढील तुलनेसाठीं एक चांगलें चित्र हातीं राहील. खरा ठरला तर जेवढें दिसतें आहे तेवढें राखतां येईल. वडील मंडळींनीं हरकत घेतली तर हा अंक त्यांच्यापुढें ठेवावा आणि सांगावें कीं, 'पिकूं द्या' म्हणणाऱ्या एका मास्तरानेंच हें लिहिलें आहे.

आमच्या घरीं आतां डोळ्यांची एक फाईल आहे. त्यांत दादांचीं, माझीं, मुलांचीं चित्रें तारीखवार लाविलीं आहेत. माझ्या डाव्या डोळ्यांतील तो काळसर पट्टा गेल्या तपासणीपर्यंत रुंदावलेला नाहीं. दादांचा उजवा डोळाही टिकून आहे. पंचांग तेच वाचतात. फाईल लावतांना ती जुनी चिठ्ठी माझ्या हातीं आली. मी ती फाडणार होतों. दादा म्हणाले, "राहूं दे. पहिल्या पानावर लाव. पोरांना तारीख कळेल." दरवर्षीं दिवाळीनंतर आम्ही दोघे बंधु एकाच दिवशीं तपासणीस जातों. रस्त्यानें चालतांना मी त्यांच्या डाव्या बाजूस असतों.